प्लूटोतला सांभार

सोनाळ्यात तुळशीरामआबांचा मळा कुणालाही विचारा, बोट दाखवील. पण त्या मळ्यात प्लूटो कुठं आहे, हे घरच्यांशिवाय कुणाला सांगता यायचं नाही. तो कुंपणाजवळच्या बोरीखाली होता. विहिरीवरून निघालेला पाट जिथं संपतो, जिथं पाणी पोचता पोचता दमून जातं, तिथं सतरंजीएवढा एक वाफा होता आणि त्यात सांभार असायचा. सांभार म्हणजे कोथिंबीर. वऱ्हाडात तिला कोथिंबीर म्हणणारा माणूस पाहुणा आहे असं खुशाल समजावं.

असे एकूण नऊ वाफे होते आणि नवांना नऊ ग्रहांची नावं. विहीर म्हणजे सूर्य. तिच्या अगदी अंगाला बुध, त्यात पालक. पुढं शुक्र, मग पृथ्वी, पृथ्वीवर मेथी. मंगळात मिरची, कारण ती लाल पडते. गुरू सगळ्यांत मोठा म्हणून कोबी तिथं. शनीत वांगी होती आणि आबांच्या बायको अन्नपूर्णाबाई शनिवारी त्या वाफ्यात पाय ठेवत नसत. "मंगळाले आज पाणी नाई भेटलं," "पृथ्वीतून चार जुड्या काढ," असली वाक्यं या घरात रोज बोलली जायची. सून रुपाली नवी नवरी म्हणून आली तेव्हा सासूनं तिला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "जाय वं, प्लूटोतून सांभार आण." ती बिचारी सकाळभर मांडणीवरचे डबे उघडून पाहत बसली होती.

हे खूळ आबांच्या डोक्यात आलं ते तलाठ्याच्या परीक्षेतून. तरणेताठे होते तेव्हा त्यांनी खामगावच्या बसस्टँडवरून सामान्यज्ञानाचं एक पातळसं पुस्तक आणलं आणि पान न् पान पाठ केलं. तलाठी दुसराच कुणी झाला. पुस्तकाला पुढं वाळवी लागली, पण आतलं सगळं आबांच्या डोक्यात जसंच्या तसं राहिलं. सर्वात जास्त पाऊस चेरापुंजीला. ब्रह्मदेशाची राजधानी रंगून. महाराष्ट्रात जिल्हे सव्वीस. सर्वात मोठं राज्य मध्य प्रदेश, आणि ते तर सातपुड्याच्या पलीकडं उतरलं की लागतंच. या ज्ञानाचा उपयोग काय, असं अन्नपूर्णाबाई अधूनमधून विचारायच्या. उपयोग एकच झाला, आणि तो मोठा झाला. त्यांच्या भावकीत एक रीत पडली.

परीक्षा हुकली त्याच वर्षी आबांच्या धाकट्या बहिणीचं, कौशल्याचं लग्न होतं. अक्षता पडल्यावर, जेवणं उरकल्यावर, नवरानवरी मुलीच्या घरी देवाच्या पाया पडायला येतात आणि मग पाठवणी होते. दारात करवल्या अडवतात, नवरा उखाणा घेतो, हशा होतो, मंडळी आत जातात. त्या दिवशी करवल्यांना बाजूला सारून तुळशीराम स्वतः उंबऱ्यावर आडवा बसला. म्हणाला, "उखाणा नाई लागत. तीन सवाल. तीनातले दोन आले तं पोरगी घेऊन जा. नाई आले तं वरात मुक्कामी." खरी गोष्ट अशी होती की बहीण जाणार म्हणून त्याला रडू कोसळत होतं आणि चार माणसांत रडता येत नव्हतं, म्हणून त्यानं चेरापुंजी विचारलं. नवरदेव किराणा दुकानदार. त्याला गुळाचे भाव विचारले असते तर फडाफडा सांगितले असते. तिन्ही सवाल चुकले. तुळशीरामचा म्हातारा बाप हसला आणि म्हणाला, पोरानं शब्द टाकला आहे, राहा. वरात राहिली. कौशल्या त्या रात्री आईच्या कुशीत झोपली. ती आता स्वतः आजी झाली आहे, तरी त्या एका रात्रीचं अजून सांगते.

तेव्हापासून भावकीतल्या प्रत्येक मुलीच्या लग्नात दाराचे सवाल ठरूनच गेले आणि विचारायचे ते तुळशीरामनंच. काही नवरदेव पाठ करून यायचे. काही दुसऱ्या दिवशीच्या जेवणावर डोळा ठेवून मुद्दाम चुकायचे. आबांना एक खोड मात्र होती. सवाल विचारून झाला की उत्तर आधी त्यांच्याच ओठांवर येऊन बसायचं. आवाज नाही, नुसती ओठांची हालचाल. घरातली पोरं ते ओठ वाचून उत्तरं द्यायची आणि आबांना वाटायचं, काय हुशार निघाली लेकरं! या कामात सगळ्यांत तरबेज होती नात, प्रतीक्षा. तिचे आईबाप, शेखर आणि रुपाली, कृषी सेवा केंद्राच्या दुकानात अडकलेले. त्यामुळं ही पोर वाढली ती आबांच्या मागं मागं, पाटातून चालत, ग्रह मोजत.

सगळं छान चाललं होतं. मग चार वर्षांमागं पुतण्याच्या मुलीचं, मंजुश्रीचं लग्न आलं. नवरदेव कुठल्याशा कंपनीत होता. आबांनी विचारलं, भारतातलं सगळ्यात मोठं राज्य कोणतं? तो म्हणाला, राजस्थान. आबा म्हणाले, चूक, मध्य प्रदेश. पोरगा वाईट नव्हता. त्यानं हसत हसत मोबाईल काढला आणि आबांच्या नाकासमोर धरला. मध्य प्रदेशाचे दोन तुकडे होऊनही जमाना झाला होता. दारात उभी असलेली शंभर माणसं हसली, बँडवाले हसले, आबासुद्धा हसले. पण नंतरच्या लग्नांत ते आचाऱ्यांजवळ जाऊन बसू लागले. कुणी बोलावलंच तर म्हणायचे, गुडघे दुखतात.

आणि आता प्रतीक्षाचंच लग्न ठरलं. मुलगा हर्षल, खामगावच्या शाळेत विज्ञानाचा मास्तर. तो बघायला आला तेव्हा आबांनी त्याच्याशी फक्त वांग्यांवर गप्पा मारल्या. विज्ञानाच्या मास्तराशी दुसरं काही बोलायची त्यांची छातीच झाली नाही.

पत्रिका छापायला टाकायच्या दिवशी शेखरनं विषय काढला. जपून काढला.

"बाबा, यंदा दाराचं राहू द्या. तिकडून सगळे मास्तर लोक येऊन राह्यले. कोणी पुन्हा मोबाईल काढला तं मले नाई पाहवत."

"मी कुठी म्हणतो बसतो म्हणून?" आबा म्हणाले. "माह्ये गुडघे दुखते."

आतून प्रतीक्षाचा आवाज आला. "आबा दारावर नसन तं मी उंबरा वलांडत नाई. बाहीरच उभी राहीन. मंग पाठवा मले कशी पाठवता ते!"

आबांना त्या रात्री झोप लागली नाही. पोरीनं मान ठेवला म्हणून आनंद झाला होता आणि पुन्हा शंभर माणसं हसतील म्हणून धास्तीही वाटत होती. दुसऱ्या दिवशी बियाण्याचं निमित्त करून ते खामगावला गेले आणि त्याच बसस्टँडवरून सामान्यज्ञानाचं नवं पुस्तक घेऊन आले. हे विटेएवढं जाड होतं. खताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून त्यांनी ते विहिरीवरच्या, पाणी उपसायच्या मोटारीच्या खोलीत ठेवलं आणि दुपारी सगळे जेवून आडवे झाले की तिथं जाऊन बसू लागले.

वाचत गेले तसं त्यांना कसंतरीच होऊ लागलं. बऱ्याच वर्षांनी गावी आलेल्या माणसाला कळत जातं, हा गेला, तो गेला, त्याचं घर विकलं, तसंच हे होतं. जिल्हे छत्तीस झाले होते. ब्रह्मदेशानं नाव बदललं होतं आणि राजधानीही हलवली होती, आणि नव्या राजधानीचं नाव काही केल्या जिभेवर बसेना. पावसात चेरापुंजीला मागं टाकून मावसिनराम नावाचं कुणीतरी शेजारीच पहिलं येऊन बसलं होतं. आबांनी एकेक निमूटपणे गिळलं. पण ग्रहांच्या पानावर ते अडले. ग्रह आठ. प्लूटोला ग्रहांतून काढून टाकलं आहे.

"काढून टाकलं?" आबा मोठ्यानं म्हणाले. "काऊन बे?"

पुस्तकात कारण होतं. तो फार लहान आहे, त्याला आपल्या वाटेतला गोतावळा बाजूला सारता येत नाही, असं काहीसं. आबांना हे मुळीच पटलं नाही. लहान आहे म्हणून घरातून काढतात का कुणाला? ते बाहेर आले आणि कितीतरी वेळ बोरीखालच्या वाफ्याकडं पाहत उभे राहिले. पण परीक्षा ती परीक्षा. परत आत जाऊन त्यांनी पाठ केलं, आठ, आठ, आठ. आणि त्या दिवसापासून त्या वाफ्याला प्लूटो म्हणणं सोडून दिलं.

"बोरीखालून सांभार आण," असं ते म्हणाले तेव्हा अन्नपूर्णाबाईंनी वळून पाहिलं.

"काऊन? प्लूटो भाड्यानं देला का?"

"बोरीखालीच तं हाये ना तो."

"चाळीस वर्सं नव्हता का बोरीखाली?" बाई म्हणाल्या. "अन् हे रोज दुपारी मोटारीच्या खोलीत काय करता हो तुमी?"

"मोटारीचा आवाज पाह्यतो."

"बंद मोटारीचा?"

आबा चपला घालून बाहेर पडले. लग्न झालेल्या माणसाला कुठं थांबायचं ते कळतं.

प्रतीक्षा तेव्हा ओसरीवर फोन कानाला लावून बसलेली असायची. हर्षलशी तिचं हळू आवाजात रोज तासभर चालायचं. आबा तिकडं लक्ष देत नसत. तो त्यांचा मामला. त्यांना मात्र ती बोलताना दिसली की मनात एकच यायचं, आता इतके आठवडे, आता इतके दिवस. खामगाव काही परदेश नाही. सकाळची बस धरली की जेवायला तिथं. हे त्यांनी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं. पण सकाळी मेथी खुडताना समोरच्या सरीत ती नसणार, या गोष्टीला बसचा काय उपयोग? आणि मग दुपारच्या उन्हात, पुस्तक मांडीवर घेऊन, त्यांच्या मनात एक लबाड विचार यायचा. पोरगा चुकला तर? तर वरात मुक्कामी. तर पोर एक रात्र अजून घरी. सकाळी उठून चहा तिच्याच हातचा. विज्ञानाचा मास्तर चुकणार नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, तरी तो विचार त्यांनी काही हाकलून दिला नाही.

लग्न लागलं. जेवणं झाली. ऊन उतरणीला लागलं तेव्हा आबा गुलाबी फेटा बांधून उंबऱ्यात पाट टाकून बसले. समोर अंगण गच्च भरलं होतं. शेखर खांबाला टेकून जमिनीकडं पाहत होता. अन्नपूर्णाबाई आतल्या बाजूला ओवाळणीचं ताट घेऊन उभ्या होत्या. नवरानवरी दारासमोर आली, दोघांच्या शेल्यांची गाठ मारलेली. हर्षलमागं त्याच्या शाळेतले मास्तर घोळक्यानं होते आणि त्यांना या रीतीची भलतीच मौज वाटत होती. हर्षलचे मामा तेवढे घड्याळाकडं पाहत होते. प्रतीक्षानं रिवाजाप्रमाणं मान खाली घातली होती.

"तीन सवाल," आबा म्हणाले. "दोन आले तं पोरगी घेऊन जा. नाई आले तं मुक्काम. कबूल?"

"कबूल, आबा," हर्षल म्हणाला.

"पह्यला. उल्का पडून झालेलं सरोवर आपल्या जिल्ह्यात कुठी हाये?"

"लोणारला."

"बरोबर." अंगणात हशा झाला. हे पाळण्यातलं लेकरूही सांगेल, असं कुणीतरी म्हणालं.

आता दुसरा. आबांनी घसा खाकरला. हा सवाल त्यांनी हिवाळाभर राखून ठेवला होता. ज्या सवालानं नाक कापलं, त्याच सवालानं ते परत मिळवायचं होतं.

"क्षेत्रफळानं भारतातलं सगळ्यात मोठं राज्य कोणतं?"

भावकीतल्या माणसांनी एकमेकांना कोपर मारलं. खांबाजवळ शेखरनं डोळेच मिटले. आबा मनात म्हणत होते, बोल लवकर, राजस्थान म्हण, मी म्हणतो बरोबर, अन् पाहू दे सगळ्यायले.

"मध्य प्रदेश," हर्षल म्हणाला.

मास्तरांच्या घोळक्यातून हसू फुटलं. "अहो सर, राजस्थान!" कुणीतरी ओरडलं. हर्षलचे कान लाल झाले, पण तो जागचा हलला नाही. आबांनी त्याच्याकडं निरखून पाहिलं. खरंच ठाऊक नसेल याला? असेल बा, विज्ञानवाला आहे, भूगोल कच्चा असेल. त्यांनी हात वर केला.

"हे राहू द्या जरा बाजूले. तिसरा आयका."

तिसऱ्यावर सगळं येऊन ठेपलं होतं. तो चुकला की वरात मुक्कामी. ब्रह्मदेशाची नवी राजधानी आबांच्या जिभेच्या टोकाशी आली होती. त्या नावाला मास्तर काय, मास्तरचा मुख्याध्यापकही अडखळला असता. आज रात्री पोर घरी, उद्या सकाळचा चहा. आबांनी समोर पाहिलं. पोराच्या कपाळावरून मुंडावळ्यांखालून घाम ओघळत होता आणि मागं त्याचेच सोबती हसत होते. आबांना त्याची दया आली. जाऊ दे, त्यांनी ठरवलं, याच्या घरचाच विषय देऊ याला.

"ग्रह किती?" त्यांनी विचारलं.

मास्तर लोक टाळ्या वाजवायला तयार झाले. हर्षलनं एकदा प्रतीक्षाकडं पाहिलं. प्रतीक्षानं तेवढ्यात मान वर केली होती. ती आबांकडं पाहत होती, टक लावून, आणि एकाएकी तिनं गाठीचा शेला ओढला. हर्षलला ते कळलं नाही.

"नऊ," तो म्हणाला.

मग जो हशा झाला तो मंजुश्रीच्या लग्नातल्यापेक्षा मोठा होता. "विज्ञानाचे सर अन् नऊ ग्रह! सोमवारी वर्गात काय सांगाल हो?" कुणी शिट्टी मारली. मामांनी कपाळाला हात लावला. हर्षलनं मागं वळून पाहिलं नाही. आवाज न चढवता तो ओळीनं म्हणत गेला, "बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून." इथं तो थांबला. "अन् नववा प्लूटो. बोरीखालचा."

बोरीखालचा हा शब्द अंगणात कुणाच्या लक्षातही आला नाही. आबांच्या मात्र काळजात शिरला.

ओसरीवरचे ते तासतासाचे फोन त्यांना आता कळले. नातीनं या पोराला त्यांचं जुनं पुस्तक शिकवलं होतं, पान न् पान. चेरापुंजी शिकवलं, सव्वीस जिल्हे शिकवले, मध्य प्रदेश शिकवला, वाफे शिकवले. म्हाताऱ्यावर पुन्हा कुणी हसू नये म्हणून. आणि हा मुलगा, जो रोज पोरांना आठ ग्रह शिकवतो, तो आपल्या सोबत्यांसमोर नऊ म्हणून उभा होता आणि हसू झेलत होता.

दोन सवाल चुकलेत. एवढंच म्हणायचं होतं. नव्या पुस्तकाप्रमाणं चुकलेच होते, आणि तसं म्हटलं तर मान परत मिळत होता, पोरही रात्रभर मिळत होती. ज्याच्यासाठी अख्खा हिवाळा बंद मोटारीजवळ बसून काढला ते सगळं समोर वाढून आलं होतं. आबांना ते हवं होतं. अगदी खरं, हवं होतं.

"बरोबर," आबा म्हणाले.

"काका, आता आठच आहेत!" मागून एक मास्तर ओरडला.

"असतीन बा तुमच्यात आठ," आबा मोठ्यानं म्हणाले. "माह्या पुस्तकात नऊ होते. अन् मोठं राज्य मध्य प्रदेश. हे काय इथून दिसते त्याचा डोंगर! तिन्ही बरोबर. जवाई पास."

हसू हर्षलवरून उठलं आणि आबांवर येऊन बसलं. म्हातारा अजून तिथंच आहे, काही सुधारला नाही, असं भावकीतलं कुणीतरी म्हणालंही. शेखर खांबाजवळून लगबगीनं पुढं आला, बापाच्या दंडाला धरून उठवायला. आबा स्वतःच उठले. त्यांनी पाट उचलून बाजूला ठेवला आणि हर्षलच्या पाठीवर हात टेकला. हात तिथं जरा जास्तच वेळ राहिला.

"या, जवाईबापू," ते म्हणाले. "देवाच्या पाया पडा."

पाठवणीच्या वेळी रडारड झाली, ती व्हायचीच. रुपाली रडली, शेखर रडला, अन्नपूर्णाबाईंनी पदरानं नाक पुसत पुसत ओटी भरली आणि गाडीत वांग्यांची पिशवी ठेवायला विसरल्या नाहीत. प्रतीक्षा सगळ्यांत शेवटी आबांच्या पाया पडली. उठली आणि त्यांच्या गळ्यात पडली. मग त्यांच्या कानाशी हळूच म्हणाली, "आबा, आठ ना?"

आबा तिच्या डोक्यावरचा पदर सारखा करू लागले.

"तुमच्या ओठावर आठ होतं. मी पाह्यलं. म्हणून तं शेला वढला, पण तो बोलून गेला."

"मावसिनरामबी ठाऊक हाये मले," आबा म्हणाले. त्यांना म्हणायचं नव्हतं, पण निघून गेलं.

प्रतीक्षा रडता रडता हसली. "बंद मोटारीचा आवाज पाह्यत होते, नाई?" मग तिचा चेहरा बदलला. "मंग चूक काऊन नाई म्हटलं, आबा? मुक्काम भेटत होता ना आपल्याले."

आबांच्या डोळ्यांतून आता पाणी वाहू लागलं होतं आणि पुसायला फेट्याचा शेमला काही वेळेवर सापडत नव्हता.

"तुह्यासाठी त्यानं सगळ्यायसमोर नऊ म्हटलं, बाई," ते म्हणाले. "असल्या माणसाले दारात थांबवू नाई." मग इकडंतिकडं पाहून त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "अन् त्याले सांगू नको मले आठ येते म्हणून. त्याच्या मनाले लागन."

"नाई सांगत."

ती गाडीत बसली. हर्षल खाली वाकून आबांच्या पाया पडला आणि तिच्याशेजारी जाऊन बसला. गाडी हलली, मारुतीच्या देवळापर्यंत गेली आणि तिथं वळायच्या आधी थांबली. खिडकीची काच खाली झाली. मुंडावळ्या बांधलेलं डोकं बाहेर आलं आणि नवरीनं कधी ओरडू नये एवढ्या मोठ्यानं प्रतीक्षा ओरडली.

"आबा! प्लूटोले पाणी द्या!"

"प्लूटो कोण?" हर्षलच्या मामांनी दुसऱ्या गाडीत चढता चढता विचारलं.

"घरचं कुत्रं असन," कुणीतरी म्हणालं.

आबांनी हात वर केला आणि गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत तो तसाच ठेवला. मग ते घरात गेलेच नाहीत. फेट्यासकट, नव्या धोतरासकट, मळ्याच्या वाटेला लागले. मागून अन्नपूर्णाबाईंनी हाक मारली, आता यावेळी कुठी निघाले म्हणून. आबांनी वळून न पाहता सांगितलं.

"प्लूटोकडं."

"मंग येतानी सांभार आणजा," बाई म्हणाल्या. त्यांचाही पदर अजून ओलाच होता, पण रात्रीचा स्वयंपाक काही चुकणार नव्हता.

आबांनी मोटार चालू केली. पाणी पाटात पडलं. बुधावरून, शुक्रावरून, पृथ्वीवरून ते सावकाश पुढं सरकू लागलं, जिथं तिथं मुरत, जिथं तिथं थांबत. शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचायला त्याला नेहमीच वेळ लागायचा. आबा पायातल्या नव्या चपला काढून बोरीखाली जाऊन उभे राहिले आणि पाण्याची वाट पाहू लागले.